हुर्राक, काजूची फेणी, माडाची फेणी : काय घ्यावं, काय परत द्यावं

निकाल आधीच सांगून टाकतो. मार्च ते मे या काळात गोव्यात असाल तर पैसे हुर्राकवर घाला, बाकीच्या महिन्यांत फेणीवर. आणि ऑक्टोबरात कुणी ‘ताजी हुर्राक’ म्हणून बाटली पुढे केली, तर ती आहे तशी परत द्या.

हुर्राक म्हणजे आंबवलेल्या काजूबोंडूच्या रसाची एकदाच गाळलेली दारू. साधारण १५ टक्क्यांची. एवढ्या सौम्य दारूत फळाचा वास भरभरून असतो, पण तो टिकत नाही. पावसाळा लागायच्या आत ती संपवायची, साठवायची नाही. लिंबू, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि लिम्का घालून गोव्यात ती पितात, त्यात सुधारणा करण्यासारखं काही नाही. मोसमात पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला, कारण गोडसर लागते म्हणून माणूस बिअरसारखी ढोसतो, आणि ती बिअरच्या तिप्पट असते.

फेणीचं परीक्षण मात्र भट्टीपासूनच करावं लागतं. बाटलीत जे दोष नाकाला जाणवतात, त्यांतला प्रत्येक कुठे ना कुठे भट्टीवर झालेला असतो.

सुरुवात बोंडूपासून. पिकून आपोआप गळालेलेच बोंडू घ्यायचे. झाडावरून ओढून काढलेल्यात साखर कमी आणि तुरटपणा जास्त. बी वेगळी केली की बोंडू खडकात कोरलेल्या कुंडीत पायांनी तुडवतात, हल्ली बऱ्याच ठिकाणी यंत्रावर. उरलेल्या चोथ्याचा ढीग करून वर दगडाचं वजन ठेवलं की जो स्वच्छ रस पाझरतो तो निरो. तो न आंबवता तसाच प्यायचा, आणि भट्टीवर मिळाला तर सोडू नका. बाकीचा रस आंबायला ठेवतात. पाणी नाही, साखर नाही, यीस्टही नाही. सालीवरचं नैसर्गिक यीस्ट आणि एप्रिलचा उकाडा मिळून साधारण तीन दिवसांत काम उरकतात. जास्त दिवस उघडा राहिला तर दारूचं व्हिनेगर व्हायला लागतं. अशा रसाच्या फेणीला नेलपॉलिशसारखा झणका येतो. हा वास ‘कडक माल’ असल्याची खूण समजणारे बरेच आहेत. ती आळसाची खूण आहे.

मग भाण, म्हणजे रस उकळायचं भांडं. पूर्वी मातीचं असे, आता तांब्याचं. तांबं नुसतं दिखाव्याचं नाही. आंबताना तयार होणारी गंधकयुक्त, सडक्या अंड्यासारखी द्रव्यं ते धरून ठेवतं. म्हणूनच भाण आतून घासून स्वच्छ ठेवावं लागतं, हिरवा गंज चढलेलं तांबं नको. भाण पाऊण भरायचं. काठोकाठ भरलं तर फेस उसळून नळीत शिरतो आणि गढूळ रसच पलीकडे उतरतो. आच मंद हवी. रसात चोथा राहिला किंवा जाळ भडकला की बुडाला लागतं, आणि तो करपट वास पुन्हा गाळली तरी जात नाही. तोंड चिखलाने आणि चिंध्यांनी पक्कं बंद करतात. फट राहिली तर निसटणारी वाफ खालच्या जाळापर्यंत पोचू शकते. वाफ थंड होऊन जिथे दारू उतरते त्या पलीकडच्या मडक्यावर गार पाणी ओतत राहायचं, किंवा पाण्याच्या टाकीत तांब्याचं वेटोळं बसवायचं. धार ऊन पडत असेल तर पाणी गार नाही. म्हणजे दारू हवेत जाते आहे, आणि ती हवा पेट घेऊ शकते.

फेणी करताना हुर्राकमध्ये पुन्हा आंबलेला रस मिसळून ती परत भाणात घालतात. त्याने फळाचा वास परत चढतो. जुन्या पद्धतीत अशा तीन फेऱ्या होत, दुसऱ्या फेरीचा तो काझुलो. आता बहुतेक ठिकाणी दोनच होतात, त्याबद्दल तक्रार करण्याचं कारण नाही.

‘पहिल्या धारेची’ म्हणून आपल्याकडे जे कौतुक चालतं, त्याच्याशी मी सहमत नाही. सुरुवातीला उतरणाऱ्या भागात ॲसिटाल्डिहाइड आणि इथाइल ॲसिटेट जास्त असतं. तो भाग बाजूला काढायचा. शेवटचा भागही, कारण त्यात ओल्या पुठ्ठ्याचा, घामट वास येतो. मधला ठेवायचा. मात्र पहिला भाग टाकला म्हणजे विषारी मिथेनॉल गेलं, हा समज चुकीचा आहे. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं आणि इथेनॉल, म्हणजे प्यायची दारू, ७८.३ अंशांना, तरी पाण्यात मिसळलेली ही दोन्ही अशी ओळीने बाहेर येत नाहीत. फळाच्या पेक्टिनमधून येणारं मिथेनॉल थोडं असतं आणि सगळ्याच धारेत विखुरलेलं असतं. माणसं मरतात ती बाहेरून औद्योगिक मिथेनॉल मिसळल्यामुळे. २०१५ साली मालाडच्या मालवणीत शंभराहून जास्त लोक गेले ते त्यानेच. वास किंवा चव घेऊन हे ओळखता येत नाही.

आता खरेदी. भट्टीवाला ताकद ‘ग्राव’मध्ये सांगेल. पोर्तुगीज काळापासून चालत आलेलं हे माप आहे. त्यात निव्वळ पाणीच १० दाखवतं, त्यामुळे १९ ग्राव ऐकून १९ टक्के समजू नका. फेणी १८ ते २० ग्रावची, म्हणजे चाळीस टक्क्यांच्या पुढची. ताकद मोजायचा तरंगता काटा फेणीत समोर टाकून दाखवत असतील तर फेणी गार झाली आहे का ते बघा. ऊन दारू पातळ होते, काटा जास्त बुडतो आणि आहे त्याहून कडक दाखवतो. बाटली हलवून बुडबुडे किती वेळ टिकतात हे बघण्याची पद्धत अंदाजापुरती ठीक.

भाव खरा आहे का हे ताडायला साधं गणित पुरतं. आंबलेल्या रसात सहा टक्के दारू धरली, तर १०० लिटर रसात ती ६ लिटर. १५ टक्क्यांची हुर्राक ४० लिटरच्या वर निघूच शकत नाही, आणि ४२ टक्क्यांची फेणी १४ लिटरच्या आसपास. बाजूला काढलेले भाग आणि वाफेतली गळती धरली तर त्याहूनही कमी. शिवाय बोंडू वेचायची, तुडवायची मजुरी. एवढं करून कुणी पाण्याच्या भावात ‘घरची फेणी’ देत असेल, तर तिच्यात गुळाची दारू किंवा साधं स्पिरिट आणि इसेन्स आहे असं धरून चाला. थेंबभर तळहातावर चोळा. दारू उडाल्यावर पिकलेल्या बोंडूचा दाट, जरा उग्र वास मागे राहिला पाहिजे. लगेच उडून गेला किंवा टॉफीसारखा उरला, तर पैसे खिशात ठेवा.

सीलबंद बाटलीवर काजू फेणी असल्याचा आणि भौगोलिक मानांकनाचा उल्लेख शोधा. हे मानांकन २००९ मध्ये मिळालं, आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने फेणीला वारसा पेयाचा दर्जा दिला. त्याआधी ती निव्वळ देशी दारू गणली जायची. चांगल्या बाटलीला चार गुण. लाकडी पिंपात मुरवलेल्या महागड्या फेणीला साडेतीनच, कारण लाकूड बोंडूवर कुरघोडी करतं.

माडाची फेणी वेगळ्या जातीची. रेंदेर, म्हणजे माड काढणारा, माडावरून जो रस उतरवतो ती सूर आपोआप आंबते, म्हणून ती वर्षभर होते. वास सौम्य आणि शेवट कोरडा. काजूचा उग्रपणा सहन न होणाऱ्यांनी इथून सुरुवात करावी. साडेतीन गुण.

हे वाचून गॅसवर प्रेशर कुकर आणि नळी जोडायचा विचार आला असेल तर तो सोडून द्या. विनापरवाना दारू गाळणं महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे आणि गोव्यातही भट्टीला अबकारी खात्याचा परवाना लागतो. कायदा बाजूला ठेवला तरी बंद स्वयंपाकघरात दारूची वाफ आणि उघडी ज्योत एकत्र आणण्यात शहाणपणा नाही. आपल्याकडच्या हातभट्टीची प्रत तर बोलायलाच नको: काळा गूळ आणि नवसागर. नवसागर घालतात तो यीस्टला नायट्रोजन मिळून गुळाचं पाणी लवकर आंबावं म्हणून. फळाचा त्यात संबंध नाही.

भट्टीवरून घेतलेला माल काचेच्या बाटलीत भरून घ्या. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत ठेवलेल्या फेणीला काही दिवसांत प्लास्टिकचा वास लागतो. आणि ती गोव्यातच संपवा. परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, आणि सीमेवरच्या बांद्याच्या नाक्यावर गाड्या तपासतात.