लॉजचं एसीचं बिल वाचवायला गेले आणि 1,95,300 रुपयांचा चुना लागला

व्हॉट्सअ‍ॅपवर एका लॉजवाल्या बाईचा व्हिडिओ फिरतोय, मागं भिंतीवर निळा डब्बा आणि बाई हसून सांगतीय "आमचं बिल 29 टक्के कमी आलं". तो तुम्हाला कुणी पाठवला असेल तर ती बाई मी आहे. "वीज वाचवणारं पॅनल" म्हणून विकतात तो निळा डब्बा घेऊ नका. एवढं कळलं की बाकीचं नाही वाचलं तरी चालेल.

कोल्हापुरात महाद्वार रोडच्या आतल्या बाजूला आमचं छोटं लॉज आहे, अंबाबाईला येणारी माणसं उतरतात. आठ एसी रूम, गच्चीवर सोलर, पण पावसाळ्यात सोलरचं पाणी कोमटच राहतं म्हणून गिझर पण ठेवलेत. एप्रिलचं बिल 37,460 आलं आणि मी कपाळाला हात लावून बसले होते तेवढ्यात हा पॅनल विकणारा आला. इन केलेला शर्ट, गळ्यात कार्ड, हातात फाईल. फाईलमधे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांचे फोटो, तिथं बसवलेली मोठी मोठी पॅनल. "ताई, एसी आणि गिझर दोन्हीचं मिळून 30 टक्के कमी, लेखी गॅरंटी, सतरा महिन्यांत पैसे वसूल." आता फाउंड्रीवाले काय खुळे आहेत का, असं कुणालाही वाटणारच की. नंतर कळलं की फोटो खरेच होते. फाउंड्रीला एचटी, म्हणजे उच्च दाबाचं कनेक्शन असतं, तिथं पॉवर फॅक्टर (घेतलेल्या करंटपैकी किती खरोखर कामाला येतो त्याचं माप) घसरला की बिल वाढतं, म्हणून ते लोक तो सुधारणारे कपॅसिटर बसवतातच आणि त्यांना फायदा होतोच. आमच्यासारख्या छोट्या कमर्शियल मीटरला बिल येतं युनिटवर. ही अर्धी खरी गोष्टच सगळ्यात जास्त घात करते.

मग डेमो. तो डेमो आठवला की अजून अंगाची आग होते. त्यानं मेन बोर्डजवळ बोअरची मोटर चालू करायला लावली, वायरला टाँग टेस्टर (करंट मोजायचा चिमटा) अडकवला, आकडा आला 9.1 अँपिअर. डब्ब्याचं बटण दाबलं, आकडा 6.8. "बघा ताई, डोळ्यांदेखत." मामंजी पण बघत होते, ते म्हणाले कमाल आहे. आणि त्याच बोर्डवर, हातभर अंतरावर, आमचं मीटर. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो, जेवढी वीज खर्च होईल तेवढा भराभर. तो दिवा बटण दाबायच्या आधी जसा लुकलुकत होता तसाच नंतरही लुकलुकत होता. मला दिसत होता तो. मी बघत होते त्याच्याकडं. पण माणूस बोलतोय आकड्यावर, सगळे बघतायत आकड्याकडं, तिथं दिवा कोण मोजत बसणार? आणि दुसरं म्हणजे, एसीचं बिल कमी करायला आलेला माणूस डेमो मोटरवर का दाखवतोय, एसीवर का नाही, हे एकानंही विचारलं नाही, आमच्या वायरमननं पण नाही, आणि तो तर तिथंच उभा होता!

पैसे असे गेले. अ‍ॅडव्हान्स 75,000 यूपीआयनं, एका माणसाच्या पर्सनल खात्यावर (कंपनीचं खातं "ऑडिटमुळं बंद" होतं). फिटिंगच्या दिवशी 63,800 चेकनं. गॅरंटीचे राहिलेले 50,000 पहिलं बिल कमी आल्यावर द्यायचे. म्हणजे पॅनलचे 1,60,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 28,800, एकूण 1,88,800. शिवाय वर्षाचं मेंटेनन्स 6,500 रोख. बिल म्हणाल तर नुसतं डिलिव्हरी चलन, पक्कं बिल "मेलवर येईल". त्या चलनावर जीएसटी नंबर होता. तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की दोन मिनिटांत दिसतं चालू आहे का रद्द झालाय. आमचा रद्द झालेला निघाला. कुणाकडूनही माल घेताना हे आधी करा, पैसे दिल्यावर नाही.

आता खरी हुशारी बघा त्याची. पॅनल बसवलं मेच्या अखेरीला. मेचं बिल 3,150 युनिट, 40,120 रुपये. जूनचं बिल 2,240 युनिट, 28,790 रुपये. मी कॅल्क्युलेटरवर काढलं, युनिटमधे 29 टक्के कमी! त्याच दिवशी तो पेढे घेऊन आला, मी राहिलेले 50,000 दिले आणि त्यानं मोबाईल समोर धरून तो व्हिडिओ काढला. आता कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाला जूनमधे काय होतं हे सांगायला पाहिजे का? पाऊस लागला, हवा गार, एसी कोण लावतंय! फिटिंगच्या दिवशी सगळे एसी 26 वर लावून गेले होते ते वेगळंच, त्याला म्हणे कॅलिब्रेशन. गॅरंटीचा कागद काढून बघितला तर त्यात लिहिलेलं "बसवण्यापूर्वीच्या महिन्याच्या तुलनेत". मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना असा शब्द कुठंच नाही. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, मागच्या वर्षीचा जून होता 2,210 युनिट. म्हणजे यंदा डब्बा लावून 30 युनिट जास्तच.

हे कळलं ऑक्टोबरमधे, बिल परत 3,000 युनिटच्या वर गेलं तेव्हा. तोपर्यंत आमच्या गल्लीतल्या अजून दोघांनी माझा व्हिडिओ बघून पॅनल घेतलं होतं. एकाशी आमचं आता बोलणं बंद आहे.

डब्बा काढून उद्यमनगरातल्या एका मोटर रिवाइंडिंगवाल्या काकांकडं नेला. त्यांनी झाकण उघडलं, आत दोन कपॅसिटर, डिस्प्लेची पट्टी, आणि तळाला वजन वाटावं म्हणून लोखंडाचा तुकडा. ते म्हणाले, "ताई, गंगावेशीत दूध पिता नव्हं? ह्यानं फेस, म्हणजे अँपिअर, तेवढा कमी केला, दूध, म्हणजे युनिट, हाय तेवढंच, आणि तुमचं बिल दुधाचं येतंय." गिझर तर म्हणजे नुसती कॉइल, त्याचा पॉवर फॅक्टर आधीच 1 च्या जवळ, म्हणजे जवळपास पूर्ण, तिथं कपॅसिटरला करायला कामच नाही. नवीन इन्व्हर्टर एसीत पण ते आधीच सुधारलेलं असतं म्हणे.

मग सुरू झालं ऑफिसांचं. पोलीस स्टेशनात साहेब म्हणाले, वस्तू मिळाली ना तुम्हाला, मग फसवणूक कसली, हा सिव्हिल मॅटर. मी म्हटलं वस्तू काम करत नाही. म्हणाले मग दुकानदाराकडं जावा. दुकानदार असता तर इथं कशाला आले असते? सायबरवाले म्हणाले, तो समोर येऊन पैसे घेऊन गेलाय, हे ऑनलाइन नाही. अहो 75,000 यूपीआयनं गेलेत! तर म्हणे तुम्ही स्वतः पाठवलेत. वीज ऑफिसात म्हणाले मीटरच्या पुढचं आमचं काही नाही. बँकेनं फॉर्म भरून घेतला आणि पावती दिली नाही, मागितली तर टेबलावरचा पंखा माझ्याकडं फिरवला. एका वकिलानं सांगितलं की लॉज म्हणजे व्यावसायिक, ग्राहक आयोगात चालणार नाही. हे अर्धवट आहे, मी स्वतः वाचलं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यवसायासाठी घेतलेली वस्तू वगळलीय, पण स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला सूट आहे, आणि आमचं लॉज आम्ही घरचीच माणसं चालवतो. 5 लाखांपर्यंत फी पण लागत नाही. तक्रार टाकलीय. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन पण केला. सगळे मला कायदा शिकवतात, त्या माणसाला कुणी फोनसुद्धा करत नाही, आणि त्याचा नंबर परवापर्यंत चालू होता, डीपीवर गणपती.

कुणी म्हणेल शिकलेली बाई फसली कशी. गॅरंटी वाचली होती मी, सही करायच्या आधी वाचली होती, आकडे पण जुळत होते. आकडे जुळवून देणाराच आला होता, त्याला मी काय करणार?

विचारायचंच असेल तर एवढं विचारा: डेमो एसीवर दाखवा, आणि अँपिअर नाही, मीटरचे युनिट दाखवा, तासभर डब्बा चालू आणि तासभर बंद. "ब्युरो मान्यताप्राप्त" म्हणाला तर विचारा कशाला मान्यता, ऊर्जा दक्षता ब्युरोचे (बीईई, वीजबचतीची सरकारी संस्था) स्टार एसी, फ्रिज, गिझरवर असतात. ऑडिट पाहिजे असेल तर ब्युरोनं सर्टिफिकेट दिलेले एनर्जी ऑडिटर मिळतात, ते मोजून जातात, माल विकत नाहीत. फुकटातलं म्हणजे एसी एक डिग्री वर ठेवला की साधारण 6 टक्के वीज वाचते असं ब्युरोच सांगतं, 2020 पासून नवीन स्टारवाले एसी म्हणून 24 वरच चालू होतात. आम्ही आता रूमला की-कार्डचे स्विच बसवलेत, गेस्ट दर्शनाला गेला की एसी बंद. फिल्टर धुतो. सोलरच्या पाइपात क्षार धरला होता, तो काढला.

ज्यांनी पॅनल घेतलंय त्यांनी ते रागानं भंगारात घालू नका, माझ्या शेजाऱ्यांनी घातलं. उघडायचं असेल तर कुणाच्यातरी समोर, व्हिडिओ काढत उघडा, मी नुसतंच उघडलं आणि आता विचारतायत आतला माल आधीपासून हाच होता कशावरून. चलन, गॅरंटीचा कागद, यूपीआयचे स्क्रीनशॉट, चेकची नोंद आणि बसवायच्या आधीची पूर्ण वर्षाची बिलं एकत्र ठेवा. बिलं हरवली असतील तर महावितरणच्या अ‍ॅपवर ग्राहक नंबर टाकून बघा.