एका वाटणीपत्राचे मोडी लिप्यंतर: एका सेवेचे परीक्षण

जुन्या मोडी कागदांचे लिप्यंतर करून देणाऱ्यांना अलीकडे चांगली मागणी आहे. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमली गेली, त्यानंतर जन्ममृत्यूच्या नोंदवह्या आणि महसुली कागद वाचून घेण्यासाठी गावोगावच्या लोकांची मोडी वाचकांकडे रीघ लागली. नोंदवहीतील ठरावीक रकाने वाचणे आणि दोनशे वर्षांपूर्वीचा, शाई उडालेला, एकसलग मजकुराचा घरगुती कागद वाचणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि ज्यांना आपल्या घराण्याची वंशावळ मांडायची आहे त्यांना दुसऱ्या प्रकारचा वाचक लागतो. पुण्यात घरूनच हे काम करणाऱ्या एका ज्येष्ठ मोडी वाचकांकडून आम्ही घरातील वाटणीपत्र वाचून घेतले. आपले नाव छापू नये अशी त्यांची इच्छा असल्यामुळे ते देत नाही, पण त्यांच्या कामाची पद्धत सविस्तर सांगतो, कारण कोणाकडेही कागद देण्यापूर्वी नेमके काय मागावे हे त्यावरून ठरवता येईल.

आमचा कागद म्हणजे दोन बंद (कागदाचे सुटे तुकडे) एकाखाली एक चिकटवून केलेली हातकागदाची लांब पट्टी आहे. शाई काजळीची. काजळीच्या शाईचा काळेपणा उन्हाने सहसा जात नाही, पण ती कागदाच्या वर बसलेली असते आणि डिंकाच्या आधाराने टिकते, त्यामुळे ओल लागली की सुटते. आमच्या कागदावर नेमके तेच झाले आहे. वरच्या बंदातील अक्षरे राखी पडली आहेत, दोन बंदांच्या सांध्यावर पाण्याचा मोठा तपकिरी डाग आहे आणि कसरीने जागोजागी अंक व अक्षरे खाल्ली आहेत. त्यात मोडीच्या अडचणी आहेतच. आधी पानभर शिरोरेषा ओढून घ्यायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरे लिहीत जायची, अशी ही लिपी असल्यामुळे शब्द कुठे संपला हे दिसत नाही. इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घ पाळलेले नसते आणि विरामचिन्हे नसतात.

याआधी घरातल्यांनी हाच कागद दुसऱ्या एका ठिकाणी दिला होता. मोबाइलवर काढलेली छायाचित्रे पाठवली आणि थोड्याच अवधीत आजच्या मराठीतला एक सुबक, वाचनीय मजकूर हातात आला. त्यात एकही प्रश्नचिन्ह नव्हते, एकही जागा रिकामी नव्हती. त्या मजकुरानुसार वाटणी शके १७९८ मध्ये, म्हणजे इ. स. १८७६ मध्ये, चार भावांत झाली होती, आणि शेवटी ‘दुष्काळामुळे कुटुंब विभक्त झाले असावे’ असे एक वाक्यही जोडलेले होते. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनेत मोठा दुष्काळ पडला होता हे खरे. पण त्र्यंबकेश्वरी आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत असलेल्या नोंदींशी हे वाचन कुठेच जुळत नव्हते. वहीप्रमाणे १८७६ च्या सुमारास ज्यांचे नातू कर्ते असायला हवेत, ते पुरुष या वाचनात स्वतः वाटणीला बसलेले होते.

पुण्याच्या वाचकांनी काम हाती घेण्यापूर्वी मूळ कागद पाहण्याचा आग्रह धरला. त्यांनी तो दिवसाच्या उजेडात, मग एका बाजूने तिरपा प्रकाश टाकून आणि शेवटी मागून उजेड देऊन पाहिला. तिरप्या प्रकाशात बोरूच्या टोकाने कागदावर उमटलेला दाब दिसतो आणि शाई गेली असली तरी अक्षराची वाट सापडते. मग त्यांनी प्रत्येक बंदाची मोजपट्टीसह छायाचित्रे घेतली, ती संगणकावर लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांच्या थरांत वेगळी केली आणि ज्या थरात अक्षर व कागद यांतला फरक सर्वांत ठळक दिसतो तो थर वाचनासाठी निवडला. यात महागडे यंत्र काही नव्हते. कागदावर कसलेही रसायन, तेल किंवा पाणी लावू दिले नाही, आणि लॅमिनेशनचा विषय आमच्यापैकी एकाने काढताच त्यांनी तो तिथेच थांबवला. लॅमिनेशनची उष्णता आणि प्लॅस्टिक कागदाचे कायमचे नुकसान करतात, हे त्यांचे म्हणणे रास्त आहे.

त्यांनी दिलेले लिप्यंतर मूळ कागदाच्या ओळीला ओळ असे आहे. प्रत्येक ओळीला बंदाचा आणि ओळीचा क्रमांक दिला आहे, मूळची संक्षिप्त रूपे आहेत तशी ठेवली आहेत, ती फोडून लिहिताना वाढवलेली अक्षरे चौकटी कंसात घातली आहेत, आणि जिथे अक्षर वाचता आले नाही तिथे जागा मोकळी सोडून किती अक्षरे गेली असावीत याचा अंदाज तेवढा नोंदवला आहे. वंशावळीच्या दृष्टीने मला ही मोकळी जागा सर्वांत मोलाची वाटते. वंशावळीत एक चुकीचे नाव घुसले की पुढची प्रत्येक पिढी त्यावर उभी राहते, आणि ते नाव वाचलेले होते की कल्पिलेले होते हे नंतर कोणालाही कळत नाही. उदाहरणार्थ, वाटणीदारांपैकी एकाच्या नावातील मधले अक्षर कसरीने खाल्ले आहे. तिथे ‘राघोजी’ अथवा ‘राणोजी’ अशी दोन्ही रूपे तळटिपेत दिली आहेत आणि निवड केलेली नाही. पहिल्या वाचनात तिथे एकच नाव छातीठोकपणे लिहिले होते.

कालनिर्णयाचा भाग तर प्रत्येक मोडी अभ्यासकाने पाहावा असा झाला आहे. कागदातील शकाच्या आकड्यातील तिसरा अंक निम्मा गेला आहे आणि उरलेल्या भागावरून तो ३ की ९ हे सांगता येत नाही. म्हणजे शके १७३८ किंवा शके १७९८. पुढे ‘धाता नाम संवत्सरे’ असे स्पष्ट आहे. संवत्सरांची नावे साठ वर्षांनी परत येतात, आणि योगायोग असा की १७३८ व १७९८ ही दोन्ही वर्षे धाता संवत्सराचीच आहेत, त्यामुळे संवत्सराने प्रश्न सुटत नाही. तो सुटला त्याच ओळीतील ‘सबा अशर मयातैन व अलफ’ या शब्दांनी. हे अरबी शब्दांत लिहिलेले सुहूर सनाचे वर्ष आहे. सबा म्हणजे सात, अशर म्हणजे दहा, मयातैन म्हणजे दोनशे आणि अलफ म्हणजे हजार, एकूण १२१७. सुहूर सन मृगापासून सुरू होतो आणि त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे हे वर्ष जून १८१६ ते मे १८१७ असे ठरते. शके १७३८ शी ते चोख जुळते, आणि शके १७९८ साठी तिथे १२७७ लागले असते. वाटणी दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीतली, पेशवाई बुडण्याच्या जेमतेम दीड-दोन वर्षे आधीची आहे. पहिल्या वाचनात हे चार शब्द ‘फारसी मजकूर’ एवढ्यावर सोडून दिले होते, आणि त्यामुळे सगळे घराणे साठ वर्षे पुढे सरकले होते. कालाचा उल्लेख दोन-तीन गणनांत करण्याची जुन्या लेखकांची सवय किती उपकारक आहे हे अशा कागदात कळते.

दुसरी मोठी दुरुस्ती ‘बिन’ या शब्दामुळे झाली. ‘अमुक बिन तमुक’ म्हणजे तमुकाचा मुलगा अमुक. पहिल्या वाचनात हा शब्द गळला आणि बापलेकांची नावे दोन स्वतंत्र भावांची म्हणून मांडली गेली. प्रत्यक्षात वाटणी चार भावांत झालेलीच नाही. दोन भाऊ आणि तिसऱ्या, मयत भावाचा मुलगा, असे तिघे वाटणीदार आहेत. त्या मयत भावाच्या विधवेला अन्नवस्त्र चालवण्याची अट स्वतंत्र ओळीत आहे, आणि तिचे नावही दिले आहे. अशा कागदांत स्त्रियांची नावे फार थोडी येतात. आमच्या वंशावळीत त्या काळातील ही एकमेव स्त्री आहे जी नावानिशी ठाऊक आहे, आणि पहिल्या मजकुरात तिचा उल्लेखच नव्हता.

जमिनीच्या हिश्शांतही असेच. मोडीत आणि जुन्या बाळबोधीतही (देवनागरीतही) पाव, अर्धा आणि पाऊण हे अपूर्णांक उभ्या दांड्यांनी दाखवतात. ‘४॥।’ म्हणजे पावणेपाच. पहिल्या वाचकाने या दांड्यांना पूर्णविराम समजून चार बिघे लिहिले, त्यामुळे तिघांच्या हिश्शांची बेरीज एकूण जमिनीशी जुळत नव्हती. पुण्याच्या वाचकांनी बेरीज मांडून दाखवली आणि ती पांडापर्यंत जमली. वीस पांडांचा एक बिघा, हे कोष्टक त्यांनी तळाशी दिले आहे.

साक्षीदारांच्या यादीवरची त्यांची टिपणेही उपयोगी आहेत. पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी काढलेली आहे, ती ‘अस्पष्ट चित्र’ म्हणून सोडून न देता नोंदवली आहे, आणि चतुःसीमेत ज्यांची शेते आली आहेत त्यांची वेगळी यादी करून दिली आहे. शेजारी कोण होते हे कळले की त्याच गावच्या इतर कागदांत आपले घर शोधता येते. गाव, परगणा आणि साल नक्की झाल्यावर पुढचा शोध पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तरात घ्यावा, असे त्यांनी सुचवले. तेथील कागद रुमालांत बांधलेले असून त्यांची संख्या कोट्यवधीत सांगितली जाते. त्यामुळे साल ठाऊक नसताना तिथे नुसते जाऊन बसण्यात अर्थ नाही. १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाचा संग्रहही त्यांनी पाहायला सांगितला.

आता उणिवा. काम संथ चालते आणि ते केव्हा पूर्ण होईल याचे आश्वासन ते देत नाहीत. न्यायालयीन किंवा जात पडताळणीच्या कामासाठी मुदत गाठायची असेल तर ही सेवा सोयीची नाही, शिवाय अशा कामांसाठी लिप्यंतर कोणाच्या सहीने ग्राह्य धरले जाते हे संबंधित कार्यालयात आधी विचारून घेतले पाहिजे. लिप्यंतरासोबत त्यांनी दिलेला आजच्या मराठीतील गोषवारा फारच त्रोटक आहे. ‘वडीलपण’, ‘अन्नवस्त्र’, ‘बिनतक्रार’ यांसारखे शब्द त्यात तसेच येतात आणि परदेशात वाढलेल्या आमच्या पुतण्या-भाच्यांना ते समजावून सांगण्याचे काम आम्हाला करावे लागले. एवढ्या तोलामोलाच्या कामाला दोन पानांची शब्दसूची जोडणे त्यांना अवघड नव्हते. पहिला खर्डा हाताने लिहिलेला मिळतो आणि टंकलिखित प्रत नंतर येते, तीत दोन ठिकाणी ओळींचे क्रमांक मागेपुढे झाले होते. दाखवल्यावर ते लगेच दुरुस्त करून दिले.

सांध्यावरचा डाग मात्र त्यांच्या आवाक्याबाहेर राहिला. काजळी अवरक्त (इन्फ्रारेड) किरण शोषून घेते आणि पाण्याचा तपकिरी डाग त्या प्रकाशात बराचसा विरतो, त्यामुळे अवरक्त छायाचित्रण केले तर तिथली अक्षरे दिसण्याची शक्यता आहे. तसा कॅमेरा त्यांच्याकडे नाही, हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले आणि त्या ओळींचे पैसे घेतले नाहीत. दर ओळींच्या हिशेबाने ठरतो आणि न वाचलेली ओळ हिशेबात धरत नाहीत. पानाच्या हिशेबापेक्षा हा दर जास्त पडतो, पण मला तो योग्य वाटतो, कारण यात वाचकाला पान भरून काढण्याचा मोह होत नाही.

ज्यांच्याकडे एखादे खरेदीखत किंवा कर्जरोखा आहे आणि त्यात काय आहे एवढेच जाणून घ्यायचे आहे, त्यांना इतक्या काटेकोर कामाची गरज नसेल. वाटणीपत्र, महजर (गोतसभेचे निवाडपत्र) किंवा वतनाच्या तंट्यात दिलेला करीना ज्यांच्या घरी आहे त्यांनी मात्र अशाच पद्धतीने काम करणारा वाचक शोधावा. विशेषतः करीन्यात घराण्याची हकिकत पिढ्यांनुसार सांगितलेली असते आणि तिथे एक ‘बिन’ गळला तर पिढीच गळते. काम देण्यापूर्वी त्या वाचकाने आधी केलेल्या एखाद्या कागदाचे ओळवार लिप्यंतर मूळ छायाचित्रासह पाहायला मागावे आणि त्यात मोकळ्या जागा व शंकाचिन्हे आहेत का ते आधी बघावे. मूळ कागद स्वतः नेऊन द्यावा, टपालाने पाठवू नये. घडी उलगडताना तुटत असेल तर तशीच ठेवून वाचकासमोरच उघडावी. आमचा कागद आता आम्लरहित कागदाच्या पाकिटात, घडी न घालता, सपाट ठेवला आहे. डागाखालच्या ओळींसाठी अवरक्त छायाचित्रण करून देणाऱ्या प्रयोगशाळेची चौकशी सुरू आहे. ती छायाचित्रे मिळाली की वाचनासाठी पुन्हा याच वाचकांकडे जाणार आहोत.