डेअरीत चिठ्ठी वाचून दाखवायला काय टाकावं: ईस्पीक, एज-टीटीएस की जीटीटीएस?

परवा पन्हाळ्याकडच्या आमच्या पाव्हण्यांचा फोन आला, ते तिथल्या दूध संस्थेचं कॉम्प्युटरचं काम बघतात, म्हणाले तुमच्या डेअरीत कॉम्प्युटर मराठीत बोलतोय म्हणं, आम्हालाबी पाहिजे, काय टाकू सांग. अर्धा तास बोललो तरी निम्मं राहिलंच, म्हणून सगळं लिहून काढतोय, दुसऱ्या कुणाला पाहिजे असलं तर त्यालाही उपयोग होईल.

आधी कशासाठी ते सांगतो, कारण टूल त्यावरच ठरतं. आमच्याकडं सकाळी सहाला दूध घालायला येणारी निम्मी माणसं साठीच्या पुढची. दूध मोजल्यावर मिळणाऱ्या चिठ्ठीवरचे लिटर, फॅट, रकमेचे आकडे बारीक, शाई फिकट, चष्मा घरात राहिलेला. किटली रिकामी करून मागं वळायचं आणि कुणातरी पोराला विचारायचं, "बाळा, फॅट किती लागली रं?" आपल्या म्हशीच्या दुधाचा आकडा दुसऱ्याकडनं वाचून घ्यायला लागावा हे मला पटत नव्हतं.

ईस्पीक, एज-टीटीएस आणि जीटीटीएस ही तीनही लिहिलेला मजकूर बोलून दाखवणारी टूल, फुकट आहेत आणि टर्मिनलमधनं, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतनं, एका ओळीत चालतात. आपल्याला तेच पाहिजे, खिडकी उघडा, पेस्ट करा, बटण दाबा हे काम रांग लागल्यावर कोण करणार, स्क्रिप्टनं, म्हणजे आपण लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमनं, आपोआप कमांड चालवली पाहिजे.

आवाजाचंच बघायचं तर एज-टीटीएस लई पुढं आहे. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरला पान वाचून दाखवायची जी ऑनलाइन सोय आहे तिचाच आवाज हे पायथन भाषेत लिहिलेलं टूल आणून देतं, मराठीत आरोही आणि मनोहर असे दोन आवाज, वेग कमी-जास्त टक्क्यात सांगता येतो, सबटायटलची फाइलपण काढून देतं. पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा आमच्या काकी म्हणाल्या ही रेडिओवरची बाई आहे का. जीटीटीएस गुगल ट्रान्सलेटचा आवाज आणतं, उच्चार बरे आहेत, पण आवाज निवडायला मिळत नाही आणि वेगाला फक्त नेहमीचा किंवा हळू एवढंच. शिवाय मजकुराचे शंभर-शंभर अक्षरांच्या आतले तुकडे करून पाठवतं, त्यामुळं लांब वाक्य मधेच अडखळल्यासारखं होतं. एज-टीटीएस असताना जीटीटीएस घ्यायचं कारण मला तरी दिसत नाही.

पण दोन्हीला नेट लागतं, आणि तिथंच सगळं अडतं. जोराचा पाऊस लागला की आमच्या गावात रेंज जाते, २०१९ च्या महापुरात तर लाइट आणि नेट दोन्ही नव्हतं. नेट असलं तरी मजकूर बाहेरच्या सर्व्हरवर जातो, तिथनं आवाज येतो, मग वाजतो, तोवर पुढच्या माणसाचं दूध काट्यावर आलेलं असतं. आणि ही काही आपल्याशी करार करून दिलेली सेवा नव्हे, तिकडं काही बदललं की टूल बंद पडू शकतं. सभासदाचं नाव आणि रक्कम बाहेर पाठवायची का, हा विचारही संस्थेनं करायला पाहिजे.

आता ईस्पीक. जोनाथन डडिंग्टन यांनी १९९५ मध्ये एकॉर्न कॉम्प्युटरसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममधनं हे वाढत आलं, २०१५ पासून ईस्पीक-एनजी नावानं पुढं चाललंय, अंध लोक वापरतात त्या एनव्हीडीए नावाच्या, पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्येही हेच येतं. यात कुणाचे रेकॉर्ड केलेले शब्द नसतात, आवाज बहुतेक गणितानं तयार होतो, म्हणून सगळं मिळून काही एमबीत मावतं आणि जुनाट पीसीवरही एंटर दाबताक्षणी बोलतं. नेट लागत नाही. बोलणं मात्र यांत्रिक, हे आधीच सांगून ठेवतो, पहिल्या दिवशी लोकांना कळत नाही. त्यावर उपाय वेगाचा: मुळात तो मिनिटाला १७५ शब्दांवर असतो, मी कमांडला डॅश एस (-s) लावून १२० वर आणला आणि डॅश जीनं (-g) दोन शब्दांत थोडी जागा सोडली, तेव्हा मशीनच्या आवाजातही म्हाताऱ्यांना आकडा समजायला लागला.

कुठलंही टूल घ्या, आकडे तसेच देऊ नका. डेअरीत ६.८ ला कोण दशांश म्हणत नाही, "सहा आठ लागली" म्हणतात, आणि ६.५ म्हणजे साडेसहा. म्हणून आमची स्क्रिप्ट आधी आकड्याचं बोलीतलं वाक्य करते आणि मग ते टूलला देते. ही पंचवीस-तीस ओळींची मेहनत आहे पण सगळ्यात जास्त फरक तिनंच पडला.

दुसरी गोष्ट च आणि ज ची. जहाजातला ज वेगळा, जीवनातला वेगळा, लिहिताना दोन्ही सारखेच, त्यामुळं टूलला अंदाजच बांधावा लागतो. निवड करायच्या आधी जाधव आणि चौगुले ही दोन आडनावं प्रत्येकाकडनं म्हणवून घ्या, आपल्या भागात दर चौथ्या चिठ्ठीवर असतात. ईस्पीकचा यात एक मोठा फायदा, त्याची उच्चारांची यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असते, चुकीच्या नावाचा बरोबर उच्चार त्यात घालून यादी परत कंपाइल केली, म्हणजे एक कमांड देऊन टूलला समजेल अशी करून घेतली, की दुरुस्त. ऑनलाइनवाल्याला आपण काही शिकवू शकत नाही, फार तर स्पेलिंग वाकडं करून बघायचं.

बाकी नावं कानावर येतील. फ्लाईट हे कार्नेगी मेलनचं छोटं टूल, मराठी आवाजाची फाइल वेगळी उतरवून घ्यायची, नेटशिवाय चालतं, ईस्पीकचा आवाज सहनच होत नसेल तर हे बघा. फेसबुकवाल्या मेटाच्या २०२३ च्या एमएमएस नावाच्या बोलणाऱ्या मॉडेलमध्येही (फोनवरचा एमएमएस नव्हे) मराठी आहे पण त्याचं लायसन्स धंद्याच्या वापराला नाही, संस्थेनं त्या वाटेला जाऊ नये.

पाव्हण्यांना मी शेवटी हे सांगितलं. लिटर, फॅट, रुपये, साडे, दीड, अडीच, शंभर, शे, हजार, आणि शून्य ते नव्याण्णवचे आकडे एवढे शब्द आरोहीच्या आवाजात एकदाच काढून डिस्कवर ठेवा, सॉक्स नावाच्या आवाजाच्या फाइली जोडायच्या टूलनं जोडून वाजवा, मग नेट असो नसो. नाव आणि ऐनवेळची सूचना ईस्पीकला द्या. दोन आवाज येतात ते जरा विचित्र वाटतं खरं, पण आमच्याकडं आठवड्यात कुणाला त्याचं काही वाटेनासं झालं. आणि ज्याला एवढा खटाटोप नको त्यानं सरळ ईस्पीक टाकावं.

अजून एक, हे फोनवर सांगायचं राहिलं. कीबोर्डवरचं एक बटण तेच वाक्य परत म्हणण्यासाठी राखून ठेवा. आमच्यात एक आजी स्पीकरकडं बघून "परत म्हण की" म्हणायच्या, आता त्याच हात लांबवून बटण दाबतात आणि रक्कम ऐकूनच चिठ्ठी कनवटीला लावतात.