खादीचे दोन कुडते आणि एक ‘पर्यावरणपूरक’ टॉप: पावसाळा ते उन्हाळा वापरल्यावर

गेल्या पावसाळ्यात सुती खादीचं कापड आणून दोन कुडते शिवून घेतले. त्याच सुमारास ‘पर्यावरणपूरक’ अशी चिठ्ठी लावलेला तयार टॉपही घेतला. तो प्लास्टिकच्या बाटल्यांपासून केलेल्या पॉलिस्टरचा. आता मे संपत आलाय. सांगलीतल्या विश्रामबागेतून मिरजेला स्कूटरवरून रोजची ये-जा, घरचंच धुणं, गच्चीवर वाळवणं. तिन्हींना वागणूक सारखीच मिळाली.

आधी खादीच्या तक्रारी. गडद निळ्याचा रंग सुरुवातीच्या धुण्यांत बादलीभर जातो, वेगळाच भिजवावा लागतो. कापड आटतं. शिवण्याआधी रात्रभर पाण्यात घालून वाळवलं होतं, तरी लांबी बोटभर कमी झालीच. श्रावणात दोन-दोन दिवस ओलं राहून कुबट वास येतो. इस्त्री दमट असतानाच करावी, नाहीतर सुरकुत्या हटत नाहीत.

टॉप मात्र तासाभरात वाळतो, इस्त्रीची गरज नाही. पण सांगलीच्या एप्रिलमध्ये तो पाठीला चिकटतो आणि धुऊनही घामाचा वास पुरता जात नाही. पर्सचा पट्टा घासतो तिथे बारीक गोळे आलेत. खादी उलट मऊ पडत गेली.

खरा फरक कळला तो हिवाळ्यात. निळ्या कुडत्याची बाही दंडाला आवळायला लागली. टेलरकाकांनी शिवताना आत इंचभर माया, म्हणजे शिवणीच्या आत दुमडलेलं जास्तीचं कापड, ठेवली होती. त्यांनी टीप उसवली, अर्धा इंच सोडला आणि पुन्हा शिवून दिला. आत दुमडलेलं कापड विटलेलं नसल्यामुळे तिथे आता गडद निळी पट्टी दिसते. टॉपही नेला होता. काकांनी तो उलटा केला, ओव्हरलॉकची कड पाहिली आणि परत दिला. “ताई, ह्यात सोडायला कापडच न्हाई.”

कपडा शाश्वत विकासात किती बसतो हे मी आता या मायेवरूनच ठरवते. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये १७ शाश्वत विकास उद्दिष्टं ठरवली, त्यातलं बारावं जबाबदार उत्पादन आणि उपभोगाचं. फॅशन उद्योग त्याच्या नावाने चिठ्ठ्या छापतो, पण कपडा उसवून वाढवता येईल असा शिवत नाही. वस्तूंच्या पुनर्वापरासाठी काम करणाऱ्या एलेन मॅकआर्थर फाउंडेशन या संस्थेच्या २०१७ च्या अहवालानुसार कपड्यांसाठी वापरलेल्या मालापैकी १ टक्क्याहूनही कमी माल पुन्हा नव्या कपड्यात येतो. बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते. तिचा टॉप झाला की पुढची वाट जवळपास बंदच. वर दर धुण्याला त्यातून प्लास्टिकचे सूक्ष्म धागे सुटतात, आणि आमच्या मोऱ्यांचं पाणी शेवटी कृष्णेकडेच उतरतं.

कापूसही निर्दोष नाही. एका सुती टी-शर्टमागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं असा अंदाज आहे, आणि कापसाच्या सिंचनापायी मध्य आशियातला अरल समुद्र बराचसा आटला. म्हणून तर ते पाणी एकदा खर्च झाल्यावर कुडता वर्षानुवर्षं अंगावर राहायला हवा.

चिठ्ठीवर शिवणाऱ्या हातांबद्दलही काही नसतं. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळची राणा प्लाझा इमारत कोसळून अकराशेहून जास्त माणसं गेली, त्यातले बहुतेक कपडे शिवणारे कामगार. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसूनही त्यांना कामावर बोलावलं होतं. माझ्या टॉपची चिठ्ठी बाटल्या मोजून सांगते, शिलाईची मजुरी सांगत नाही. काकांची शिलाई मी त्यांच्याच हातात देते.

कापड-शिलाई मिळून एक कुडता टॉपच्या जवळपास दुप्पट पडला. हे सगळ्यांना झेपणार नाही, आणि खादीच हवी असा माझा हट्टही नाही. इचलकरंजी किंवा विट्याच्या मागावरचं साधं सुती कापड घेऊन शिवलं तरी चालेल. खादीच घ्यायची तर ‘खादी मार्क’ ही अस्सल खादीची खूण बघून घ्या. २ ऑक्टोबरच्या सुमारास सूट असते, तेव्हा वर्षाचं कापड एकदमच आणावं, भिजवून वाळवावं आणि माप देतानाच माया इंचभर ठेवायला सांगावं.