व्यावसायिक संपादनासाठी आयपॅड प्रो की मॅकबुक एअर?

ॲपलच्या एम४ चिपचा ११ इंची आयपॅड प्रो २०२४ मध्ये आणि त्याच चिपचा मॅकबुक एअर २०२५ मध्ये आला, तेव्हा भारतात दोघांचीही सुरुवातीची किंमत ९९,९०० रुपये होती. मात्र आयपॅडला ११,९०० रुपयांची पेन्सिल आणि २९,९०० रुपयांचा कीबोर्ड जोडला की खर्च १,४१,७०० रुपयांवर जात असे. शिवाय त्या किमतीच्या आयपॅडमध्ये ८ जीबी रॅम मिळत असे, एअरमध्ये १६ जीबी.

चित्र काढणे, छायाचित्रातील त्वचा किंवा केसांच्या कडा हाताने दुरुस्त करणे या कामांत आयपॅड निःसंशय सरस आहे, कारण पेन्सिलचे टोक ज्या बिंदूवर टेकते तिथेच रेषा उमटते आणि दाब बदलला की तिची जाडीही बदलते. त्याचा ओएलईडी पडदाही एअरच्या पडद्यापेक्षा कितीतरी उजळ आहे.

चित्रफितीचे संपादन करणाऱ्याने मात्र अधिक सावध राहावे. दाविंची रिझॉल्व्ह हे चित्रफीत संपादनाचे सॉफ्टवेअर २०२२ च्या अखेरीस आयपॅडवर आले, पण ते मुख्यतः कट (कापणी-जोडणी) आणि कलर (रंगदुरुस्ती) या दोन विभागांपुरते. ध्वनिमिश्रणाचा संपूर्ण विभाग संगणकावरच राहिला. ॲपलच्याच फायनल कट या संपादन सॉफ्टवेअरमध्ये आयपॅडवर सुरू केलेला प्रकल्प मॅकवर नेता येतो, परंतु मॅकवरचा प्रकल्प आयपॅडवर परत आणता येत नाही. ज्याला दिवसभर बाहेर काम करून रात्री स्टुडिओत तेच काम पुढे न्यायचे असते, त्याच्यासाठी हा एकेरी रस्ता माझ्या मते सर्वांत मोठी अडचण आहे. त्यातच आयपॅडला एकच यूएसबी-सी पोर्ट असल्याने कार्ड रीडर, बाहेरची डिस्क आणि चार्जर एकाच वेळी लावायचे तर वेगळा हब घ्यावा लागतो.

मराठी पुस्तके, मासिके, निमंत्रणपत्रिका यांची मांडणी करणाऱ्यांना तर फारसा पर्यायच नाही: पानांच्या मांडणीचे सॉफ्टवेअर इनडिझाइन आयपॅडवर उपलब्ध नाही आणि आपल्याकडील असंख्य छापखान्यांचे जुने काम श्रीलिपी या भारतीय भाषांच्या टंकलेखन सॉफ्टवेअरच्या फाँटमध्ये, विंडोजवर साठलेले आहे. एअर विंडोजवर चालत नाही, म्हणून अशा कामासाठी तोदेखील विचारपूर्वकच घ्यावा.

म्हणून चित्रकाराने आयपॅड निर्धास्त घ्यावा. लग्नसमारंभांचे चित्रीकरण करून चित्रपट पूर्ण करून देणाऱ्याने आधी एअर घ्यावा, आणि पेन्सिल व कीबोर्डच्या वाचलेल्या पैशांत बाहेरची एसएसडी घेऊन मूळ चित्रीकरणाची दुसरी प्रत ठेवण्याची सोय करावी.