सर्व्हिस एंट्री पॉइंट: बॅचमधले ट्रिगर डीबग करताना आलेला अनुभव

रात्रीची बॅच (एकगठ्ठा आपोआप चालणारी कामं) झाली की शिलकीच्या फाइलमधली रक्कम दुप्पट दिसायची. तीच नोंद स्क्रीनवरून केली की आकडा बरोबर. आयबीएम आयवर (आयबीएमच्या सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम) ट्रिगर, म्हणजे फाइलमधली नोंद बदलली की आपोआप चालणारा प्रोग्राम, लिहिणाऱ्यांना हा छळ ओळखीचा असेल. ट्रिगर आपण कॉल करत नाही, डेटाबेस करतो. तो कुठल्या जॉबमध्ये (सिस्टीमवर चालू असलेल्या कामात) उठेल हे आधी कळत नाही.

तोवर डीबग करायची जुनी पद्धत होती: जॉब क्यूवर (रांगेत) होल्ड करा, एसटीआरएसआरव्हीजॉब (दुसऱ्या जॉबला हात घालू देणारी कमांड) द्या, रिलीज करा, एफ१० दाबून एसटीआरडीबीजी (डीबग सुरू करणारी कमांड). जॉब एकच असेल तर आजही हेच करा, वेळ वाचतो. पण आमच्या बॅचचा मुख्य जॉब पुढे आणखी जॉब सबमिट करतो. त्यांचे नंबर आधीच कुठून आणणार?

म्हणून सर्व्हिस एंट्री पॉइंट: प्रोग्राम सुरू होताच जॉब थांबवणारा डीबगरमधला ब्रेकपॉइंट. जॉब नंबर लागतच नाही. प्रोग्राम आणि यूजर प्रोफाइल (जॉब ज्या खात्याखाली चालतो ते) सांगितलं की त्या प्रोफाइलखालचा कुठलाही जॉब ट्रिगरमध्ये शिरताच थांबतो. टेस्टमध्ये बॅच चालवली, जॉब थांबला, ट्रिगर बफरचा (डेटाबेस ट्रिगरला जी माहिती देतो तिचा) ३१वा बाइट पाहिला: '३', म्हणजे अपडेट. त्याच रेकॉर्डसाठी इन्सर्टचा '१' आधी येऊन गेला होता. बॅच प्रोग्राम रेकॉर्ड लिहितो आणि मग त्याचा फक्त स्टेटस बदलतो. जुन्या आणि नव्या रेकॉर्डमधली रक्कम तीच, तरी ट्रिगर अपडेटलाही पूर्ण रक्कम मिळवत होता. मिळवायचा होता फक्त फरक. जॉबलॉग (जॉबच्या संदेशांची नोंद) कितीही वाचला असता तरी हे दिसलं नसतं.

त्या आठवड्यात विचारलं असतं तर सर्व्हिस एंट्री पॉइंटला पैकीच्या पैकी गुण दिले असते. आता नाही देणार, आणि कारण एकच: कंपाइल. प्रोग्राम पुन्हा कंपाइल केला की ग्राफिकल डीबगरमधला पॉइंट रिफ्रेश करावा लागतो. केला नाही तर जॉब न थांबता सरळ पुढे जातो. पाहणाऱ्याला वाटतं, ट्रिगर चाललाच नाही. मग फाइलला ट्रिगर जोडलाय का, डिसेबल आहे का, हे शोधत अख्खी दुपार जाते. डीबग करताना माणूस सारखं कंपाइलच करत असतो, तिथेच हे व्हावं याचा मला अजून राग येतो.

प्रोफाइलचंही जपा. सगळ्या बॅच एकाच प्रोफाइलखाली चालत असतील तर भलताच जॉब अडकतो. टेस्टसाठी वेगळं प्रोफाइल मागून घेतलं, तेव्हा हा ताप संपला.

प्रत्यक्ष रनमध्ये मात्र पॉइंट लावू नका. ब्रेकपॉइंटवर उभा असलेला जॉब त्या रेकॉर्डचं लॉक धरून बसतो. फाइलचा वेटआरसीडी (लॉक सुटायची किती वेळ वाट पाहायची ते सेटिंग) बदललेला नसेल तर दुसरा जॉब ६० सेकंद वाट पाहतो आणि आरपीजीत (आयबीएम आयवरची प्रोग्रामिंग भाषा) १२१८ स्टेटस, म्हणजे 'रेकॉर्ड लॉक आहे' ही एरर, घेऊन पडतो. आपण निवांत व्हेरिएबल पाहत असतो आणि तिकडे दुसऱ्याची बॅच बंद पडलेली असते.