हिमालयनच्या डाव्या रॅकमागे लावायची टूल ट्यूब, १४ महिने वापरून

माझ्याकडे रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ ही बाईक आहे, आणि लांबच्या राईडला निघायचं म्हटलं की दरवेळी एकच प्रश्न यायचा, हत्यारं ठेवायची कुठे? सीटखाली फारसं काही मावत नाही, पॅनियरमध्ये (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लावायच्या बॅगांमध्ये) टाकली तर नेमकी कपड्यांच्या तळाशी जातात आणि भर पावसात रस्त्याच्या कडेला सगळं बिऱ्हाड उपसत बसावं लागतं. मग एक दिवस गाडी धुताना लक्षात आलं की उजवीकडे सायलेन्सर वर उचललेला असल्यामुळे तिकडे जागा नाही, पण डावीकडे पॅनियर रॅक आणि गाडीच्या अंगाच्या मध्ये चांगली वीतभर पोकळी उगाच रिकामी पडलीये. तिथेच बसेल अशी काळ्या प्लास्टिकची टूल ट्यूब, म्हणजे हत्यारं ठेवायची गोल नळी, ऑनलाइन घेतली, साधारण हजार रुपयांना. फिरकीचं झाकण, आत रबरी रिंग, रॅकला आवळायला दोन क्लिपा. लावायला अर्धा तास पण लागला नाही.

आता खरं सांगते, ट्यूब स्वतः दणकट आहे. चौदा महिने झाले, तडा नाही, कुठे पिचली नाही. पण सोबत आलेल्या क्लिपा अगदीच हलक्या. ताम्हिणीतल्या एका पावसाळ्यात दोन्ही गंजल्या. हार्डवेअरच्या दुकानातून स्टेनलेस स्टीलच्या होज क्लिपा (पाइप आवळायच्या पट्ट्या) आणल्या आणि रॅकचा रंग घासू नये म्हणून खाली जुन्या टायर ट्यूबची पट्टी घातली, तेव्हापासून जागची हललेली नाही. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला "मॅडम, सगळ्यांच्या अशाच असतात". हे मला अजिबात पटलं नाही, अहो ट्यूब एवढी चांगली बनवताय तर क्लिपेत कशाला काटकसर करायची.

दुसरी गोष्ट म्हणजे आवाज. पाने नुसते आत टाकले तर खड्ड्याखड्ड्याला खडखड खडखड, डोकं उठतं. माझ्या आईने जुन्या जीन्सच्या पायाची एक गुंडाळी शिवून दिली, प्रत्येक पान्याला वेगळा खिसा आणि टोकाला बांधायला नाडी. ती अख्खी गुंडाळी ट्यूबमध्ये फिट्ट बसते, आवाज शून्य, आणि बाहेर काढून जमिनीवर पसरली की एकही सॉकेट मातीत हरवत नाही. अख्ख्या सेटअपमध्ये माझी सगळ्यात आवडती गोष्ट हीच आहे.

खरी परीक्षा स्पितीला झाली. मनालीहून काझा साधारण २०० किमी आणि हिमालयनची टाकी १५ लिटरची, म्हणजे जादा पेट्रोलचा जेरी कॅन न्यायची गरजच नव्हती (लेहला जाताना तांदीच्या पंपावर "पुढचा पंप ३६५ किमीवर" अशी पाटी लागते, तिथला हिशोब वेगळा). त्यामुळे टाकीभोवतीच्या लोखंडी फ्रेमवरची जेरी कॅनची जागा मोकळी होती, तिथे छोटी बॅग बांधून त्यात २१ इंची स्पेअर ट्यूब, पॅच किट आणि हातपंप ठेवला. आपल्या गाडीला पुढे २१ आणि मागे १७ चं चाक, दोन्ही ट्यूबवाली, पण अडीनडीला पुढची ट्यूब मागच्या चाकात चालून जाते, म्हणून दोन न्यायच्या ऐवजी एकच नेली.

आणि छतरू सोडल्यावर, बातलच्या अलीकडे, त्या दगडगोट्यांच्या रस्त्यावर मागचं चाक बसलं. दुपारचे चार, वारा सुटलेला, आजूबाजूला चिटपाखरू नाही. सेंटर स्टँडवर गाडी घेतली, सामान बांधायची एकही बंजी (रबरी दोरी) न सोडता हात घालून टूल ट्यूबचं झाकण धरलं... आणि झाकण फिरेचना! आट्यांमध्ये बारीक धूळ जाऊन पार जाम झालेलं, बोटं गारठलेली. शेवटी रबराचा एक तुकडा झाकणाभोवती गुंडाळून जोर लावला तेव्हा करकरत सुटलं. त्याच्या आधी दोन नाले पार केले होते, तरी आत पाण्याचा थेंब नव्हता, गुंडाळी कोरडी ठक्क. टायर लिव्हर हातात आले तेव्हा एवढं हायसं वाटलं की काय सांगू. तासाभरात चाक परत चढवलं आणि अंधार पडायच्या आत बातलच्या ढाब्यावर गरम राजमा चावल खात होतो.

तेव्हापासून झाकणाच्या आट्यांना आणि रिंगेला सिलिकॉन ग्रीस लावते, व्हॅसलिन लावू नका, त्याने रबर फुगू शकतं. झाकणाचं तोंड मागच्या बाजूला ठेवा, पुढे ठेवलं तर चिखलाचा मारा सरळ त्यावरच. आत वजनदार लोखंडच भरा, ते खाली आणि गाडीच्या अंगाला चिकटून राहतं, टॉप बॉक्समध्ये तेच अडीच किलो टाकलं तर वळणावर जाणवतं. रात्री गाडी रस्त्यावर लावणार असाल तर गुंडाळी काढून घरात न्या, त्या झाकणाला कुलूप लावायची सोय नाहीये.

पाचपैकी चार देईन, एक गुण क्लिपांचा कापला. आणि क्लिपा पक्क्या आवळायच्या आधी पॅनियर रॅकवर चढवून झाकण पूर्ण उघडतंय का ते बघून घ्या, माझं पहिल्यांदा दोन बोटं कमी पडत होतं, सगळं सोडून परत मागे सरकवावं लागलं.